निंबू टाकलेलं पाणी

आधीच सांगून टाकतो, मला कॉमेंटमध्ये स्पष्टीकरणं नको आहेत. "भाऊ, डिहायड्रेशन झालं असेल", "जीपीएस चुकतो हो", "तो चकवा होता, कुलदैवताला नारळ फोडा"... ऐकून ऐकून कान किटले आहेत. घरच्यांनी सांगून झालं, सायकल ग्रुपनं सांगून झालं, दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनीसुद्धा सांगून झालं. तोंडी सांगायला लागलो की समोरचा मध्येच तोंड घालतो आणि माझं डोकं फिरतं. इथं निदान शेवटपर्यंत बोलता येईल, म्हणून लिहितोय.

माझं यवतमाळात मेडिकल स्टोअर आहे. मूळ गाव नेर. घरची कापूस-तुरीची शेती भाऊ पाहतो. भूतखेत, भानामती, बाहेरचं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. दुकानाला लिंबू-मिरची बांधायला एक जण दर शनिवारी येतो, त्याला दर शनिवारी हाकलतो. बाटलीत काय आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं आणि कधीपर्यंत चालेल तेही लिहिलेलं असतं, एवढंच माझं अध्यात्म. आजही तेच आहे. म्हणून तर जास्त चिडचिड होते.

आता वसराम. हा माझा हॉस्टेलपासूनचा दोस्त. बंजारा समाजाचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, यवतमाळातच राहतो. चाळिशीनंतर दोघांचीही पोटं सुटली, डॉक्टरनं दोघांनाही झापलं आणि आम्ही सायकली घेतल्या. आधी गावाबाहेरपर्यंत, मग दारव्ह्यापर्यंत, मग असं वेड लागलं की त्या वर्षी आम्ही ठरवलं — जानेवारीत कोकण किनारा सायकलवर करायचा. समुद्राच्या काठाकाठानं, रोज शंभरेक किलोमीटर. कुणीतरी सांगितलं की तिकडं सकाळी धुकं फार असतं, रस्ता वळणावळणाचा, सराव करून या.

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा? वसराम म्हणाला, "आपलं धरण हाय ना. थंडीत तिथं असी धुवारी पडते का हात दिसत नाई."

धुवारी म्हणजे धुकं. तुरीचा फुलोरा त्यानं गळतो म्हणून आमचे शेतकरी त्याला शिव्या घालतात, आणि आम्ही दोघं शहाणे ते शोधत निघालो होतो. धरण दिग्रस आणि पुसदच्या मधल्या भागातलं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तिथं रीलवाले पोचतील, आणि तिथं माणसं राहतात.

त्या धरणाशी वसरामचं नातं आहे. त्याचा जुना तांडा — म्हणजे बंजारा लोकांची वस्ती — त्या पाण्याखाली गेला. तांडा उठला तेव्हा हा आईच्या कडेवर होता. म्हणजे ज्या गावचा म्हणून तो स्वतःला सांगतो, ते गाव त्यानं पाहिलेलंच नाही. नवा तांडा काठावर उंचावर वसवला, तिथं त्याचा मोठा भाऊ शेती करतो आणि त्याची आई राहते. आईला ते याडी म्हणतात. मीही याडीच म्हणतो.

याडीचं एक होतं. नव्या तांड्यात बोअरचं पाणी. खारट, जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. याडी ते पाणी आयुष्यभर तोंड वाकडं करून प्याली. "आपल्या इहिरीचं पाणी गोड होतं," हे तिचं रोजचं वाक्य. सगळे हसायचे. समोर एवढं धरण भरलेलं, आणि म्हातारीला त्याच्या तळाशी गेलेल्या विहिरीचं पाणी पाहिजे!

पण त्या हिवाळ्यात हसायची सोय राहिली नाही. याडी तापानं पडली, ताप उतरला, आणि तिनं पाणीच सोडलं. चमच्यानं ओठाला लावलं तर चव घ्यायची आणि एकच शब्द बोलायची, "छेनी." म्हणजे नाही... हे ते नाही. पुसदला नेऊन सलाईन लावलं तर तिनं सुई उपटून काढली. मी माझ्या दुकानातल्या मीठ-साखरेच्या पुड्या पाठवल्या, लिंबाच्या चवीच्या. त्या तिनं थुंकल्या. डॉक्टरनं वसरामला बाजूला घेऊन सांगितलं, की काहीही करा पण पाणी पोटात जाऊ द्या, नाहीतर ही फार दिवस काढणार नाही.

मग वसरामनं चालू केलं विहिरी शोधणं. याच्या वावरातली, त्याच्या मळ्यातली, बाटल्या भरभरून न्यायचा आणि म्हणायचा, "याडी, हे आपल्या इहिरीचं." याडी जीभ लावायची. "छेनी." सरावाला निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "पम्या, नेरच्या तुह्या इहिरीचं पाणी गोड हाय ना? एक डबा आणतं का?" आणला. माझ्या भावानं विचारलं, "यवतमाळात नळाले पाणी येत नाई का?" त्याला काय सांगू? पाच लिटरचा तो प्लास्टिकचा डबा वसरामनं सायकलच्या कॅरिअरला बांधला. मला हे अजिबात पटलं नव्हतं. लांबच्या राईडला आम्ही टूथब्रशचा दांडा कापून नेतो वजन वाचवायला, आणि हा डबा!

रात्री दिग्रसला त्याच्या साडूकडं थांबलो आणि उजाडता उजाडता निघालो. बेत असा होता, की धरणाच्या काठानं पूर्ण वळसा घालायचा, वाटेत तांड्यावर थांबायचं, मग पुसद आणि मुक्कामाला उमरखेड.

धुवारी म्हणजे कशी, की वसरामचा मागचा लाल दिवा दहा हातांवर असून दिसेना. चष्म्यावर पाणी, मिशीवर पाणी. डाव्या हाताला धरण आहे हे फक्त गारव्यावरून कळत होतं. मधूनच एखादा पाणकावळा ओरडायचा. आणि वसराम दर दोन किलोमीटरला थांबत होता! डबा सरकला. दोरी ढिली झाली. डबा पुन्हा सरकला. मध्ये एका टपरीवर चहावाला ओळखीचा निघाला, तिथं थांबला. मग पुन्हा दोरी. अंग गरम व्हायच्या आत पुन्हा गार पडत होतं, गुडघे कुरकुरायला लागले, आणि माझी बाटली कधीच संपली होती. डब्यातलं मागितलं तर म्हणतो, "ते याडीचं हाय."

पुन्हा तो उतरला तेव्हा माझी सटकली.

"टाक ना बे तो डबा खाली!" मी ओरडलो. "नेरचं पाणी हाय ते, तुह्या तांड्याचं नाई. तुले बी मालूम हाय, तिले बी मालूम हाय. कोणाले फसवून राह्यला?"

तो दोरीची गाठ मारत होता. वर बघितलं नाही.

"पम्या, माय मरून राह्यली माही."

"मंग दवाखान्यात ठेव! हट्ट हाय तो तिचा, दुसरं काई नाई."

हे बोललो मी. त्यानं गाठ आवळली आणि म्हणाला, "तू जाय पुढं. फाट्यावर थांब." आवाज साधा होता. चिडला असता तर बरं झालं असतं. मी पायडल मारलं आणि निघालो.

आता इथून नीट वाचा, कारण इथूनच लोक मध्ये बोलायला लागतात.

त्या फाट्यावर नवा रस्ता उजवीकडं वर चढतो, तांड्याकडं. जुना डांबरी रस्ता सरळ जातो, उतरतो आणि पाण्यात शिरतो. धरण व्हायच्या आधीचा रस्ता आहे तो. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मला माहीत नव्हतं, कारण तोवर मी तांड्यावर गेलो होतो ते वसरामच्या मोटारसायकलवर मागं बसून. आणि धुक्यात सायकलवाला समोर बघतच नाही. समोर असतंच काय बघायला? तो चाकाखालची डांबराची कड बघतो आणि तिच्या बाजूनं जातो. कड सरळ गेली, मी सरळ गेलो. डोक्यात वसरामशी भांडण चालूच होतं.

रस्ता उताराचा होता. मग सपाट झाला. अरुंद, पण गुळगुळीत, एक खड्डा नाही. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, आमच्या जिल्ह्यात बिनखड्ड्याचा रस्ता! दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं आली, खोडांना चुना लावलेला. एक छोटा पूल लागला, बसक्या कठड्यांचा. गार वारा एकदम थांबला. लांब कुठंतरी बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, एक-दोन बैलांच्या नाही, पुष्कळ. मला वाटलं, बाजाराचा दिवस असेल.

रस्त्याला लागूनच विहीर होती. दगडी काठ, दोरानं घासून घासून खाचा पडलेला. एक बाई पाणी शेंदत होती. तिशीची असेल. आरशांचा घागरा, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. आजकाल तांड्यावर म्हाताऱ्या सोडल्या तर सगळ्या साडीच नेसतात, त्यामुळं तेवढं लक्षात राहिलं. मी ब्रेक मारला.

"कत जारोची?" तिनं विचारलं. म्हणजे कुठं चाललास. एवढी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, मला वसरामच्या संगतीनं समजते.

"पुसदले," मी म्हटलं. "पाणी भेटंल का, बाई?"

ती माझ्या हेल्मेटकडं बघून हसली. "डोक्शावर टोपलं काहून घातलं?"

मी हसायच्या मूडमध्ये नव्हतो. बाटली पुढं केली. तर तिनं बादली उचलली आणि आधी भसकन माझ्या पुढच्या चाकावर ओतलं. झालं, चेनवर चिखल! पण ही पद्धत मला ओळखीची होती. याडीही तेच करते. वसरामची मोटारसायकल दारात लागली, की आधी चाकावर लोटाभर पाणी, मग आम्हाला. तिचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आधी ओझं वाहणाऱ्या जनावराला पाजायचं, मग माणसानं प्यायचं, असा त्यांचा कायदा. बैल गेले, मोटारसायकली आल्या, कायदा तसाच राहिला. मी मनात म्हटलं, सगळ्या तांड्याला एकच खूळ.

मग मी ओंजळ धरली, तिनं धार धरली. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, तसं कोमट. आणि गोड. नारळाच्या पाण्यासारखं म्हणत नाही मी, साखर टाकल्यासारखं तर नाहीच. त्याला कुठलीच चव नव्हती आणि तरी पुन्हा ओंजळ पुढं जात होती. पोटभर प्यालो. बाटली भरली.

"हा नवाच तांडा ना?" मी विचारलं.

"तांडा हाय. नवा कायचा?"

"पुढं रस्ता चांगला हाय?"

"पुढं बैलं उतरून राह्यले. तू वापस जाय," ती म्हणाली. "तुहा सोबती वाट पाहून राह्यला."

तेव्हा मला यातलं काहीच विचित्र वाटलं नाही. खरंच नाही! मला फक्त कटकट वाटली, की पुढं बैल आहेत, म्हणजे अडकणार. आणि मग मी सवयीनं जे केलं... जर्सीच्या मागच्या खिशातून इलेक्ट्रोलाइटची पुडी काढली, लिंबाच्या चवीची, माझ्याच दुकानातली, फोडून बाटलीत टाकली आणि खळाखळा हलवली. राईडमध्ये बाटली भरली की पुडी टाकायची, हात आपोआप चालतात. ती बाई बघत होती. तिनं काय केलंस म्हणून विचारलं नाही, पण तिचं हसणं गेलं.

सायकल वळवताना चेन उतरली. वैताग! बसवली, हात काळे झाले. बाटलीतलं अर्धं पाणी हातावर ओतून धुतलं. वर बघितलं तर बाई विहिरीपाशी नव्हती. निघालो, वाटेत आणखी दोन घोट घेतले.

पूल ओलांडला, चिंचा संपल्या, चढ लागला आणि वसरामच्या हाका ऐकू आल्या. फाटलेल्या आवाजात माझं नाव. मी घंटी वाजवली. धुक्यातून तो दिसला तेव्हा रस्त्याच्या मधोमध उभा होता, मांड्यांपर्यंत भिजलेला, आणि रडत होता.

"अबे, काय झालं?" मी म्हटलं.

त्यानं दोन्ही हातांनी माझं हँडल पकडलं. "कुठं गेलता बे तू?"

"रस्त्यानंच गेलतो. पुढं तांडा हाय, इहीर हाय. तू ओला कसा?"

तो माझ्या मागं बघत होता. मी वळलो.

पाणी होतं. मी ज्या रस्त्यावरून आलो तो माझ्या मागच्या चाकापासून चार-पाच हातांवर पाण्यात शिरत होता. लाटा डांबरावर येत होत्या. त्या वर्षी पाऊस दणकून झाला होता, धरण काठोकाठ भरलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरून रस्ता उघडा पडला असेल म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. काठावरच्या चिखलात माझ्या चाकाची रेघ होती, सरळ पाण्यात गेलेली. तिच्या शेजारी दुसरी, पाण्यातून आलेली.

वसराम फाट्यावर आला होता. मी नव्हतो. ती रेघ बघून तो सायकल टाकून पाण्यात शिरला होता. त्याला पोहता येत नाही. त्याचं म्हणणं असं, की समोर पाणी होतं, मग घंटी वाजली, मग दिवा दिसला आणि एकदम मी रस्त्यावर होतो. मध्ये काय झालं ते त्यालाही सांगता येत नाही.

मी खाली पाहिलं. माझे बूट कोरडे. मोजे कोरडे. पुढच्या चाकावर तेवढं तिनं ओतलेलं पाणी.

मी त्याला सगळं सांगितलं. चिंचा, पूल, घंटा, बाई. तो ऐकत गेला आणि विहिरीचं नाव काढताच त्यानं माझा दंड धरला.

"पाणी? पाणी कुठं हाय?"

"पेलो," मी म्हटलं. "अन्... हात धुतले."

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्यानं फक्त बाटली काढून घेतली आणि उजेडाकडं धरली. तळाशी दोन घोट होते. पिवळसर.

"हे पिवळं काय हाय?"

"निंबू," मी म्हटलं. "पावडर."

तांड्यापर्यंत तो एका हातानं सायकल चालवत आला. दुसऱ्या हातात बाटली. नेरच्या पाण्याचा डबा फाट्यावरच पडून राहिला. माझ्या भावानं नंतर विचारलं तर हरवला म्हणून सांगितलं.

याडी अंगणात बाजेवर होती, गोधडीत गुंडाळलेली. ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. वसरामनं पितळी पेल्यात ते दोन घोट ओतले. "आपल्या विहिरीचं" वगैरे काहीच बोलला नाही. तिच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठाला लावला. मी "छेनी" ऐकायची तयारी करून उभा होतो. खरं सांगतो, मला ते ऐकायचं होतं. ती "छेनी" म्हणाली असती तर मी आज सुखात असतो.

याडीनं जीभ लावली. थांबली. मग पेला दोन्ही हातांनी धरला, कित्येक दिवस हात न उचललेल्या बाईनं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

"छ," ती म्हणाली. आहे. "आपणे कुवारो पाणी छ." आपल्या विहिरीचं आहे.

मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि वऱ्हाडीत विचारलं, "पण याच्यात निंबू कोणं टाकलं?"

मी कपाळावर हात मारला. वसराम तिथंच मातीत खाली बसला.

"कोणं देल्लं?" याडीनं विचारलं. मी बाईचं वर्णन केलं. बांगड्या, टोपल्याचं बोलणं, आधी चाकावर पाणी.

"सोनी असंन," याडी म्हणाली, शेजारीण बाजारात दिसली असं सांगावं तसं. "तिले सकाऊनच पाणी भराची सवय." आणि थोड्या वेळानं, "पुढल्या बारीले आणशीन तवा निंबू टाकू नको, बाप्पा. साधंच आण. तवलोक मी हे पेतो."

आणि तिनं घरातलं, बोअरचं पाणी मागितलं. प्याली, तोंड वाकडं केलं, पुन्हा मागितलं.

सोनी ही वसरामच्या वडिलांची बहीण, त्याची फुफी. तांडा उठायच्या आधीच तापात गेली. हे त्यानं मला तांड्याबाहेर सायकली काढताना सांगितलं. उमरखेडचा बेत केव्हाच बारगळला होता. तो हँडल धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तांडा माहा. फुफी माही. जलमभर ऐकत आलो मी. अन् दिसलं कोणाले, तर तुले? तुले काहून, बे?"

हेच मी अजून स्वतःला विचारतो. मी न मानणारा, मी चिडलेला, मी तिच्या पाण्याला हट्ट म्हणणारा. मलाच काहून? आणि पुरावा म्हणून हातात काय, तर सायकलच्या जीपीएस मीटरवरची एक रेघ, फाट्यावरून सरळ धरणात जाऊन परत आलेली. ग्रुपवर टाकली तर लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले. पाणी असतं तर लॅबमध्ये तपासून घेतलं असतं! एवढा शिकलेला माणूस मी, पुरावाच पिऊन बसलो. उरल्या पुराव्यानं हात धुतले.

कोकण राहिलंच. जानेवारीत आम्ही तिथंच गेलो, धरणावर. पुढच्या हिवाळ्यातही गेलो. धुवारी पडली, की भाऊ नेरहून फोन करून तुरीच्या फुलोऱ्याची काळजी करतो आणि मी बाटली उकळत्या पाण्यानं धुतो. बायको खिसे तपासते, चुकून पुडी राहिली का म्हणून. त्याच दिशेनं, त्याच वेळेला, त्याच वेगानं गेलो. मुद्दाम वसरामशी भांडण काढून गेलो. तो आधी एकटाही जाऊन आला, एकदा नाही, कितीतरी वेळा. तो गेला की पाणी. मी गेलो की पाणी. आता तो फाट्यावर माझा टॉवेल धरून थांबतो. काही विचारत नाही, आणि त्याचं ते न विचारणंच मला सगळ्यात जास्त खातं.

गेल्या रविवारी पुन्हा धुवारी होती. डांबराची कड बघत मी सरळ गेलो. पाणी आलं तरी ब्रेक मारला नाही. पुढचं चाक अर्धं बुडालं, बुटांत पाणी शिरलं, पाय सुन्न पडले. घंटा नाहीत, चिंचा नाहीत. पाण्यात उभा राहून मी मोठ्यानं हाक मारली, "सोनीबाई, साधं पाणी पाहिजे! निंबू नाही टाकत!" काठावर कुणीतरी मासे धरत असावा, तो पळाला.

तांड्यावर गेलो तेव्हा ऊन पडलं होतं. याडी अंगणात बसली होती, स्वतःच्या पायांनी येऊन. तिनं बाटलीकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पायांकडं पाहिलं.

"बूट वले हायेत," ती म्हणाली. "मंग नाई भेटली."

"नाई, याडी."

ती उठली, लोटा घेतला, आधी माझ्या चाकावर पाणी ओतलं, मग वसरामच्या. मग आम्हा दोघांना पेले दिले. "बोरचंच हाय. प्या."

प्यालो. खारट होतं. तिनं आपलाही पेला भरला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"छेनी," ती म्हणाली, आणि पेला रिकामा केला.